सूर्य बुडायच्या आत एक भाकरी

शाळेत खिचडी शिजवण्यात गजराबाईची चौदा वर्षं गेली. आता तापीकाठच्या सरकारी उद्यानात तंबू लागतात, तिथल्या पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्याकडे असतो. आपल्या चुलीवरून कुणी उपाशी उठलं नाही, एवढीच तिची मिजास. पाहुणे होडीतून फिरत, गाणी म्हणत. हिची नजर कुणाच्या ताटात काय उरलं यावर.

या जानेवारीत तळोद्याचे कापडव्यापारी नेमीचंद सहकुटुंब आले. जैन पाहुणे म्हणून तिने कांदा-लसूण दूर ठेवला, भांडी पुन्हा घासली आणि हौसेने बटाट्याची रस्साभाजी केली. साडेपाचला नेमीचंदांच्या आईने, कंचनबाईंनी, झाकण उचललं आणि हलकेच परत ठेवलं.

"काय व्हयनं, शेठाणी? लसूणनं टरफल बी नही तेम्हा."

"बटाटा जमिनीखालचा ना गं. चालत नाही आम्हाला. राहू दे, आज उपास समजेन."

"उपास कसाले? रातले करी देसू दुसरं!"

नात रिद्धी म्हणाली, "मावशी, दिवस मावळल्यावर आजी पाणीसुद्धा घेत नाही."

गजराबाईने नदीकडे पाहिलं. सूर्य पाण्यापासून हातभर वर. भाजी चिरायला वेळच नव्हता. तिने दादर ज्वारीचं पीठ परातीत ओतलं.

"पाणी गाळलंय ना?" कंचनबाईंनी विचारलं.

भरली कळशी तिने बाजूला सारली. रिद्धीने गाळून दिलेलं पाणी तापेपर्यंत ती तीनदा उठली, तीनदा बसली. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर फुगली, तेव्हा उन्हं वाळूवरून सरकली होती.

कंचनबाई दूध-तुपात भाकरी कुस्करत नातीला काही सांगू लागल्या.

"शेठाणी, बोलू नका, खा!"

नेमीचंद हसले. "गजराबाई, आईला दटावणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

सूर्याची कड पाण्याला टेकली तसा शेवटचा घास गेला. मग कंचनबाईंनी ताटात पाणी ओतलं, बोटाने फिरवलं आणि पिऊन टाकलं.

"अवं माय, हाई काय?"

"कण वाया जाऊ नये म्हणून," रिद्धी म्हणाली.

ताट लख्ख होतं. तरी गजराबाईचा जीव थाऱ्यावर येईना. एवढ्या थंडीत, एका भाकरीवर, सकाळपर्यंत?

"सकायले कितला वाजता खातस त्या?"

"सूर्य उगवल्यावर दोन घडींनी, म्हणजे पाऊण तासाने."

गावात कुणाच्या वेलाला दुधी आहे का, ते विचारायला ती तशीच पिठाच्या हातांनी निघाली.