पियानोवाल्याची अस्सल तबकडी

माझे चुलतसासरे भाऊसोकाका साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर येईल त्याचा उतारा काढल्याशिवाय त्यांना अजून चैन पडत नाही. टनभर ऊस गाळल्यावर साखर किती पडली, तो उतारा. काकांनी तो आंब्याच्या पेटीला लावला, कीर्तनकाराला लावला, घरात आलेल्या सुनांच्या माहेरांनाही लावला. आमच्या माहेरचा उतारा कमी भरला, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं.

निवड करणारा माणूस म्हणून भावकीत त्यांचं मोठं नाव आहे. खरं तर ते निवडत नाहीत, नापसंत करतात. स्कूटर घ्यायची म्हणून इतकी चौकशी केली, की यांचं ठरेपर्यंत कंपनीनं ती काढायचीच बंद केली. मुलीचं नाव मयूरी ठेवायचं ठरलं तेव्हा ती घरभर पळत होती. तोवर तिला नुसतंच 'बाळ' म्हणत. लोक याला चोखंदळपणा म्हणतात. मी सांगलीत त्यांच्याच बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहते. मी म्हणत नाही.

दीपमालाकाकू म्हणजे त्यांची बायको. काकूंना पसंत करायलाही त्यांनी दोन लग्नसराया घालवल्या, हे ते अजून पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. काकूंचं लहानपण कोयनानगरचं. वडील धरणावर जीप चालवायचे. साहेबलोकांच्या क्लबात संध्याकाळी रेकॉर्डी लागत. त्या रेकॉर्डींत अमेरिकेतला एक जण होता, पियानो बडवत ओरडून गाणारा. कॉलनीतल्या पोरी तारेच्या कुंपणाबाहेर त्यावर नाचायच्या. शब्द एक कळायचा नाही, चाल मात्र हाडात बसली. पुढं भूकंप झाला, वडिलांची बदली झाली, आणि ते गाणं काही परत कानावर पडलं नाही. त्याचं नाव काकूंना आजही घेता येत नाही. त्या म्हणतात, "माझा पियानोवाला."

मागच्या दिवाळीला मयूरी पुण्याहून रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली. काकूंनी गुणगुणलेली चाल तिनं फोनला ऐकवली आणि फोननं पियानोवाला हुडकून दिला. दोन ओळी वाजल्या असतील नसतील, काकूंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात काका म्हणाले, "बंद कर ते."

"का हो बाबा?"

"फोनच्या डबड्यातनं असलं ऐकायचं नसतं. इतक्या वर्षांनी ऐकायचं तर अस्सल ऐकावं. रेकॉर्ड मी निवडतो."

"आवं, कंची बी आना की," काकू म्हणाल्या. "गानं त्येच न्हवं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. हिला काय कळतंय, अशा अर्थानं. मला कळतं असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

तर पियानोवाल्याच्या गाजलेल्या गाण्यांचे संग्रह ढीगभर निघालेत. कशात मूळची गाणी, कशात त्यानंच उतारवयात पुन्हा गायलेली, कशात मागाहून टाळ्या चिकटवलेल्या. काका आंघोळ करून कॉम्प्युटरपुढं बसत आणि परदेशातल्या रिकामटेकड्या लोकांची यावरची भांडणं वाचत. जेवायला आले की निकाल सांगत. "चौदा गाण्यांत नऊच अस्सल. बाकीची मळी, फेकून द्यायची. उतारा पडत नाही." काकू पोळी वाढत. गणपतीला नैवेद्य दाखवून आरतीचं पुस्तक शोधत बसावं, तसं चाललं होतं.

अशातच काकूंना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या. भाजी करपायला लागली. मी त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले, काकाही आले. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "नस कमजोर होत चाललीय. मशिननं बोलणं कळेल, पण गाणं गाण्यासारखं लागायचं नाही. काही ऐकायची हौस असेल तर आत्ताच ऐकून घ्या."

कोणत्याही नवऱ्यानं त्या दिवशी घरी येताना मिळेल ती रेकॉर्ड आणली असती. काका रिक्षात म्हणाले, "मग तर अस्सलच पाहिजे. आता चुकून चालायचं नाही."

पुढच्या महिन्यात आम्ही साताऱ्याला एका लग्नाला गेलो. तिथं जुन्या सामानाच्या दुकानात काकूंना तो दिसला. कव्हरवर पियानोवर पाय ठेवून उभा. काकूंनी रेकॉर्ड छातीशी धरली.

"ह्योच! केस बगा कसं उडवल्यात मेल्यानं!"

काकांनी चष्मा वर करून मागची बाजू वाचली. "सगळी पुन्हा गायलेली आहेत. म्हातारपणी. ठेव."

"म्हातारपनी गायला म्हनून काय झालं? मी तरी कुठं तरनी हाय?"

दुकानदार हसला. काका हसले नाहीत.

"काका, मी घेते काकूंना," मी म्हटलं.

"घे. माझ्या प्लेअरवर लागणार नाही."

प्लेअर मयूरीचा, कान काकूंचे आणि अट यांची. मी पर्स उघडली, तर काकूंनीच माझा हात दाबला. "ऱ्हाऊ दे गं. त्यास्नी वाईट वाटंल. माझ्यासाठी एवढं शोधायला लागल्यात." आणि ती रेकॉर्ड त्यांनी जागेवर ठेवली.

काकांची निवड यायला उन्हाळा उजाडला. परदेशातून आली. तोवर काकूंच्या कानाला मशिन लागलं होतं. भाजीवाला कळायचा, पण टीव्हीवर गाणं लागलं की पत्रा खरवडल्यासारखं होतं म्हणून त्या मशिन काढून ठेवत.

काकांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. प्लेअरखाली पाणसळ धरून टेबल सरळ आहे का बघितलं. मग रेकॉर्ड कडेकडेनं धरून भाषण केलं. "चौदापैकी चौदा मूळ. असा उतारा मी कारखान्यात कधी बघितला नाही." शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुई टेकली. पियानो धडाधड वाजायला लागला, शेजारच्यांची नात टुणकन उठून नाचायलाही लागली.

काकू हात जोडल्यासारखे मांडीत धरून बसल्या होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "लावलं का?"

काकांनी आवाज वाढवला. काकूंनी तोंड वाकडं करून मशिन काढलं आणि कान स्पीकरला नेऊन लावला. "धडधड येतीया. पन त्यो कुठं हाय?"

काका कव्हर चाचपत राहिले. काकूंनी मशिन पुन्हा लावलं आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "आवं, तुमी म्हना की. तुमचं तोंड बगून मला कळंल. तुमाला तर समदं म्हाईत झालंया."

काकांना सगळं माहीत होतं. कुठल्या गावच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, ड्रमवर कोण होतं, कुठल्या देशात कव्हरचा रंग बदलला. फक्त गाणं पुरतं ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होते. इतक्या महिन्यांत एकदाही त्यांनी ते लावून बघितलं नव्हतं. अस्सल आल्याशिवाय ऐकायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. ते कव्हरची मागची बाजू वाचायला लागले.

काकूंनी वाट बघितली. लग्न झाल्यापासून त्यांना ती सवय आहे. मग त्यांनीच मांडीवर थाप देत सुरुवात केली. शब्द अमेरिकेत कोणालाही कळले नसते असे, चाल मात्र सरळ, आणि आवाज कुंपणाला धरून उभ्या असलेल्या पोरीचा. रेकॉर्ड पुढं निघून गेली तरी त्या आपल्या गतीनं गात राहिल्या.

काकांनी ऐकलं. मान एकीकडं कलती करून, लॅबोरेटरीत नळी उजेडाला धरावी तसं ऐकलं. मग म्हणाले, "मूळ गाणं एवढं सावकाश नाहीये."

काकूंना ते ऐकू आलं नाही. त्या गात राहिल्या, आणि मी उठून काकांच्या पुढचा चहाचा कप उचलून नेला. अर्धा भरलेला होता.