जुन्या टेपचे अठ्ठावीस

टेलरमास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप मोठ्याने सांगायला सक्त बंदी होती. छाती, खांदा, बाही मास्तर खणखणीत आवाजात सांगत आणि इस्त्रीवाला वहीत लिहून घेई. कंबर आली की मात्र मास्तर टेपवर अंगठा दाबून वहीपाशी जात आणि आकडा स्वतः लिहीत. गिऱ्हाइकांना वाटे, काय अदब आहे या माणसाकडे! अदब कसली, भीती होती ती.

मास्तर सतरा वर्षांचे असताना याच दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, वडिलांनी त्यांचं माप घेतलं होतं. "कंबर एकेचाळीस!" वडील ओरडले आणि वर म्हणाले, "दोन पँटींचं कापड खातंय हे एक गाठोडं!" सगळे खदाखदा हसले. वडीलही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर त्यांच्यावर रागावताही आलं नाही. पुढे वडील गेले, हसणारे पांगले, पण 'गाठोडं' मास्तरांच्या मनात ठाण मांडून बसलं ते बसलंच.

आता बावन्नाव्या वर्षी मास्तरांची गालफडं बसली होती आणि घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. तरी रोज सकाळी दुकान उघडलं की ते आधी ट्रायलरूममध्ये शिरत, कडी लावत आणि शर्ट वर करून टेप लावत. अठ्ठावीस. अठ्ठावीस आलं की दिवस सुरू करायला हरकत नसे.

डबा घरून येई. बायको दाबून दाबून भरायची. दुपारी एक वाजता मास्तर तो इस्त्रीच्या टेबलावर सरकवत. इस्त्रीवाला दुसऱ्या मुलखातला, त्याचा रंग वेगळा, घरची बोली वेगळी. त्याच्या लोकांत पुरुष म्हणजे दारात मावणार नाही असा, आणि हा निघाला काटकुळा. सख्खे भाऊ फोनवरसुद्धा त्याला 'काडी' म्हणत. म्हणून हा पठ्ठ्या स्वतःचा डबा, मास्तरांचा डबा, वर सहा उकडलेली अंडी आणि कसलीशी पावडर पोटात ढकलायचा, मग मळमळो नाहीतर उलटी होवो. दर शनिवारी मास्तर त्याच्या दंडाचं माप घेत. दोघांनाही एकमेकांच्या शरीराचा मनातून हेवा वाटे, पण डब्याविषयी दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही.

एकदा बायको दुकानात आली. "भाऊ, डबा तर चाटूनपुसून घरी येतो," ती इस्त्रीवाल्याला म्हणाली, "पण यांच्या अंगाला काही लागतच नाही बघा. काल न्हाणीतून भिंत धरून बाहेर आले. उद्या पडले म्हणजे मी काय करू? तुम्ही असता ना समोर? नीट जेवतात ना हे?"

इस्त्रीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून काज करत होते.

"जेवतात की, वहिनी," तो म्हणाला, आणि एकाच कॉलरवर तीनदा इस्त्री फिरवली.

त्या शनिवारी जुन्या टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघाली. बारा वर्षं त्याच टेपने मापं घेतली, त्याच टेपने कापड बेतलं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मास्तरांनी नवी टेप काढली आणि ट्रायलरूममध्ये गेले. एकोणतीस. आकडा नकळत तोंडातून निघाला. पोट आत ओढून पुन्हा लावली. एकोणतीस. काल चक्कर आली तेव्हा बायकोने समोर उभं राहून अर्धं केळं खायला लावलं होतं. ते केळं मास्तरांना आठवलं. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

दुपारी इस्त्रीवाल्याने दंड पुढे केला. साडेतेराचे चौदा झाले होते.

"लागलं, मास्तर!" तो नाचायचाच बाकी राहिला. "अंगाला लागलं!"

"कसलं डोंबल लागलं?" मास्तर खेकसले. "टेप नवी आहे. जुनी ताणली गेलेली, ती माप कमी दाखवायची. इतकी वर्षं इथे काढलीस आणि एवढं कळत नाही?"

इस्त्रीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. जुन्या टेपचे अठ्ठावीस नव्या टेपच्या एकोणतीसवर येत होते.

"सकाळी आतून तुमचं 'एकोणतीस, एकोणतीस' ऐकलं मी," तो हळूच म्हणाला. "मास्तर, तुम्ही वाढला नाहीत. टेपच खोटी होती. आता तरी जेवा." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने डबा उघडून मास्तरांकडे सरकवला.

गरम भाताचा वास आला. मास्तरांच्या पोटात कावळे ओरडत होते. हात डब्यापर्यंत गेलाही. पण नजर त्या दोन आकड्यांवरून हलेना.

"म्हणजे मी कधी अठ्ठावीस नव्हतोच," ते म्हणाले. "इतकी वर्षं एकोणतीसच होतो." आणि त्यांनी डबा परत ढकलला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, जेवलात का?"

"जेवतोच आहे."

"खरं सांगताय ना?"

मास्तरांनी फोन इस्त्रीवाल्याच्या तोंडाशी धरला. त्याने फोनकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग आपल्या दंडाकडे पाहिलं. अर्धा इंच आत्ताच हातचा गेला होता. त्याने मोठा घास भरला आणि चावू लागला. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो चावत राहिला.

"येतोय ना आवाज?" मास्तरांनी विचारलं.

"येतोय," ती म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. "सावकाश जेवा. घाई करू नका."