ताईंनी काच लावू दिली नाही

साकीनाक्याच्या कारखान्यात फ्रेमची पट्टी कापत होतो, तेव्हा शेवंताबाईचा फोन आला. "ताई गेल्या रे..." करवत लाकडात तशीच राहिली. पंधरा दिवस झाले, आज भीतभीत लिहायला बसलोय. नववीत शाळा सोडून हिंगोलीहून आलेल्या मला "लिहीत जा रे, लोक वाचतील" असं म्हणणाऱ्या जगात एकट्या प्रभाताईच.

ताई घाटकोपरच्या चित्रकार, त्यांच्या चित्रांच्या फ्रेमा मीच करायचो. त्यांची गल्ली झाडणाऱ्या शेवंताबाईचं चित्र त्यांनी काढलं. झाडू बाजूला टाकून फुटपाथवर बाळाला पाजतेय, पदर सरकलेला, नजर थेट समोर. प्रदर्शनाच्या तीन हॉलवाल्यांनी 'अशोभनीय' म्हणून ते नाकारलं. चौथा तयार झाला, पण आधी तपासणी, मग परवानगी. हेही गेलं तर चित्र घरातच पडून राहणार, या धास्तीनं मी न विचारता एक उद्योग केला. चित्राभोवती लावतात तो जाड कागद, माउंट, त्याची खिडकी एवढी लहान कापली की बाळाचे पाय आणि झाडूच दिसावा.

ताई बघतच राहिल्या. "अरे, तूपण तपासनीस झालास की! पगारबिगार देतात का?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यांनी माउंटची कड बोटानं उचलली. आम्ही माउंट वरच्या कडेलाच चिकटवतो, त्यामुळे तो झाकणासारखा उघडला. ताई हसल्या, "काच बसवू नकोस."

तपासणीवाले "वा, गोड आहेत पाय" म्हणत सही करून गेले. उद्घाटनाला शेवंताबाई तिच्या सफाई चौकीतल्या झाडूवाल्या बायका घेऊन आली. "ताई, माझं तोंड कुठंय गं?"

"तूच उघड ना."

तिनं माउंट वर केला. तपासणीचे साहेब ओरडले, "झाका ते आधी!" शेवंताबाई वळली. "का ओ साहेब, तुम्ही काय बाटलीवर वाढलात?" चौकीतल्या बायका अशा हसल्या की हॉलभर हशा पिकला, आणि साहेबही खाली बघत निघून गेले. चित्र सातही दिवस उघडं राहिलं. ताई म्हणाल्या, "जिंकलो रे!" त्या 'जिंकलो'त मी होतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

परवा शोकसभेला त्यांच्या खोलीत गेलो. कॅनव्हास टेकवायच्या घोडीवर अर्धवट चित्र होतं. करवत धरलेला मी, कपाळावर घाम, डोळ्यांत तीच कायमची भीती. मला न सांगताच काढलेलं. लोक यायला लागले तशी ताईंची भाची चादर घेऊन आली. "दादा, तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर झाकू का?"

मी म्हटलं, "नको. बघू दे सगळ्यांना."