टाकाच्या डोळ्यांतलं हिरवं पाणी

खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून फुगलेली मढी वर काढली. तरी जेवण जायचं. पण पालमच्या ठाण्यातलं एक प्रकरण आठवलं की आजही मानेवरनं गार वारं गेल्यासारखं होतं. आणि त्यातला मुद्देमाल म्हणाल तर तळहातावर मावेल एवढा.

हैदराबाद संस्थान नुकतंच विलीन झालेलं. मी नवा फौजदार, पण लोक जुन्या सवयीनं अमीनसाबच म्हणायचे. मला नकलांची वाईट खोड. तहसीलदार, जमादार, माझी सासू, कुणालाच सोडत नव्हतो.

एके दुपारी एका मेंढपाळाची सून ठाण्यात आली. कडेवर सहा महिन्यांची पोरगी.

"सासरा रडायलाय," ती म्हणाली.

"मग समजूत काढ की त्याची."

"मरून वरीस झालं त्यांना."

जमादारानं लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून बसला. रोजनामच्यात हे कसं लिहावं, ते त्यालाही कळेना आणि मलाही.

देवाचा असतो तसा मेलेल्या वडीलधाऱ्याचाही टाक करून देवघरात बसवायची रीत आहे. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उठवलेला चेहरा. तिच्या घरी दर आठवड्याला तो दह्या-लिंबानं धुवायचे आणि लाल फडक्यात ठेवायचे. तीन आठवडे झाले, टाकाच्या डोळ्यांतून हिरवं पाणी ओघळत होतं. सून आली आणि म्हातारा गेला, आता तो तिच्यामुळंच रडतोय, असं भावकीनं ठरवलं होतं. मेंढरं चारणीला निघायच्या आत तिनं पोरगी ठेवून माहेरी जायचं.

"कधी निघायलेत?"

"परवा. अमीनसाब, पोरगी अजून अंगावर पिते."

त्या घरी गेलो. म्हातारा मला माहीत होता. दर बाजाराला हरवलेल्या शेळीची तक्रार घेऊन यायचा आणि तो गेला की मी त्याची नक्कल करून शिपायांना हसवायचो. आता फडक्यात तोच चेहरा होता. खालच्या पापणीला हिरवी ओल, ताजी. हसू आलं नाही. टाक उलटा केला तर मागं सोनाराचा शिक्का, शंभर नंबरी. म्हणजे शुद्ध चांदी. पण दह्या-लिंबानं हिरवं पाणी सुटतं ते तांब्याला, चांदीला नाही. तिथं माझ्यातला पोलीस जागा झाला.

सोनाराच्या दुकानात गेलो. फळीवर अकरा टाक मांडलेले, आणि अकराही तोंडं त्या म्हाताऱ्याची. सगळी माझ्याकडंच बघत होती.

"हे सगळे एकच कसे?" मी विचारलं.

"ठसा एकच हाय, साहेब. घरचे लोक बरोबर वळखतात. बाप आमचा असाच दिसायचा, म्हणतात. रडतात बी."

"यात तांबं किती?"

"यांच्यावर शिक्का कुठाय? शिक्का गिऱ्हाइकाच्या हातात देताना मारतो. बिनशिक्क्याच्या मालाची मी हमी दिलीच न्हाई." मग हळूच म्हणाला, "शिक्क्याचा पाहिजे तर कुणाचा बी बाप आणा, कसाला लावा. घासू देतंय का कोण?"

त्याची सगळी मदार यावरच होती. सरकारी छाप नव्हताच तेव्हा, सोनाराचा शिक्का हीच हमी. बांगडी-जोडवी लोक चार ठिकाणी घासून बघतात. एकदा पुजलेल्या बापाच्या तोंडावर ओरखडा कोण काढू देणार? चोरी ठेवायला त्यानं जागा नामी शोधली होती.

दुसऱ्या दिवशी मानवतचा एक जाणता सोनार आणि दोन पंच घेऊन पुन्हा मेंढपाळाच्या घरी. त्या सुनेच्या सासूनं, म्हाताऱ्याच्या बायकोनं, टाक पदराखाली घेतला. "मेलेल्या माणसाला दगडावर घासता व्हय?"

तिथं मला अवदसा आठवली. मी परसात गेलो, भिंतीला तोंड लावलं आणि म्हाताऱ्याच्या कापऱ्या आवाजात तिला नावानं हाक मारली. म्हणालो, "घासू दे त्यांना."

मी आत आलो. कोपऱ्यातलं कोकरू उठून उभं राहिलं होतं. पंचांपैकी एक पायरीवरच बसलेला.

म्हातारीनं टाक पदराबाहेर काढला होता, त्याच्याकडंच बघत होती. "आवाज त्यांचाच हाय, अमीनसाब. पर चाळीस सालात त्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई कधी." मग टाक माझ्यापुढं धरून म्हणाली, "तुमी बोलला तवा पानी वाढलं. बघा."

मी बघितलं. थेंब हनुवटीवर आला होता. कसा, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

मग मी खाली बसलो आणि माझ्या स्वतःच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. सोनाराचा शिक्का, अकरा तोंडं, तांबं, दही-लिंबू, आणि उद्या जाणारी सून.

म्हातारी उठली, एक सुपारी धुतली, टाकाला लावली. "जरा हिथं बसा," टाकातल्या नवऱ्याला म्हणाली; पूजेत सुपारीत देव बसवतात, तसं तिनं त्याला सुपारीत बसवलं. मग टाक माझ्याकडं सरकवला. "घ्या. आता नुसता पत्रा हाय ह्यो."

मानवतच्या सोनारानं कसाच्या दगडावर रेघ ओढली आणि तेजाबाचा थेंब सोडला. रेघ फेसाळली, हिरवी झाली. चांदी निम्मीही नव्हती. जागेवरच पंचनामा केला आणि निघताना ती सुपारीही म्हातारीकडून एका दिवसापुरती मागून घेतली.

सोनाराला ठाण्यात बोलावलं. मी टाक आणि सुपारी शेजारी शेजारी टेबलावर ठेवली. टाकाकडं बघून तो हसला, पण सुपारी बघितल्यावर त्याचं तोंड पडलं.

"म्हातारीनं काढून घेतला व्हय त्याला," म्हणाला, आणि जबाब द्यायला लागला. जमादाराचा हात दुखून आला.

मी सुपारी परत द्यायला गेलो तेव्हा मेंढरं निघायच्या बेतात होती. भावकीतला एकजण म्हणाला, "तांबं निघालं म्हणून सून चांगली ठरली का?" म्हातारीनं सुपारी सुनेच्या पदरात बांधली, पोरगी तिच्या कडेवर दिली आणि काठी उचलून पुढं झाली.

शिक्का कुणासाठी असतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. पारख असलेल्या माणसाला शिक्का लागतच नाही. ज्याला घासून बघता येत नाही, त्याच्यासाठी तो असतो. म्हणून खोटा शिक्का मारणारा नेमका त्याच माणसाला लुटतो. सोनारावर मी फसवणुकीचं कलम लावलं. परसातल्या भिंतीआडून मी जे केलं, त्याची नोंद मात्र रोजनामच्यात नाही. ती आज इथं करतो.