उत्तर आईनं दिलं

मला जर्मन येतं. वडूजच्या एका गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला जर्मन येतं म्हटल्यावर लोक तोंडात बोट घालतात आणि कौतुक करायला लागतात. कौतुक सुरू झालं की मी विषय बदलते. का बदलते ते आज लिहून टाकते.

शिकायला सुरुवात केली ती मुलीसाठी. निदान सगळ्यांना मी तसं सांगत होते. मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली, मग साताऱ्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. तिथं दोन वर्षं काढल्यावर तिच्या डोक्यात जर्मनी शिरली. तिकडे वृद्धाश्रमांत नर्स हव्या असतात, फक्त भाषा यायला पाहिजे. तिनं फोनवरचा वर्ग लावला आणि दोन जाडजूड पुस्तकं आणली. पण दवाखान्यातून एसटीनं दीड तासाचा प्रवास करून आलेली पोर, पुस्तक उघडलं की पेंगायची. मला तिची दया यायची. म्हटलं, लहानपणी पाढे विचारायचो तसे हिला शब्द विचारावेत. त्यासाठी आधी आपल्याला वाचता तरी आलं पाहिजे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. नवरा फौजेत होता. आता निवृत्त होऊन कराडकडच्या एका साखर कारखान्यात गेटवर असतो, रविवारी घरी येतो. कॉलेज सुटलं त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही, पण ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा आत काहीतरी जागं झालं. दिवसभर मशीनवर बसायचं आणि कानात मुलीचा जुना इअरफोन. साडीला फॉल लावताना आकडे म्हणायचे, हुक लावताना वार. गिऱ्हाइकांच्या मापाच्या चिठ्ठ्या मी भिंतीला टोचून ठेवते, त्यांच्या कोऱ्या बाजूला शब्द लिहायला लागले. छाती छत्तीस, बाही नऊ, आणि मागे खिडकी, दार, खुर्ची. एकदा एका बाईनं आपली चिठ्ठी उलटून पाहिली आणि घाबरून विचारलं, "आवं ताई, ही करणी-बिरणी न्हाई नव्हं?"

त्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. मुलीच्या वर्गातले हिंदीवाले त्यात अडखळायचे, मला त्यात काही नवल वाटलं नाही. मी भराभर पुढे गेले. सहा महिन्यांत मुलीला शब्द विचारणं संपलं आणि तिच्या चुका काढणं सुरू झालं. ती वाक्य बोलायला लागली की मी भाकरी थापता थापता कान टवकारायची. चूक झाली की मला आनंद व्हायचा. हे लिहायला हात धजत नाही, पण होतं ते असं होतं. पोटच्या पोरीची चूक झाली की मला बरं वाटायचं, कारण ती मला कळलेली असायची. तिचा पुढचा धडा मी आदल्या दिवशीच करून ठेवायची आणि तिच्यासमोर मात्र पहिल्यांदाच बघतेय असं तोंड करायची.

मग मुलाखतीचा दिवस आला. तिकडच्या एका वृद्धाश्रमाची बाई व्हिडिओ कॉलवर बोलणार होती, आपल्या दुपारी अडीच वाजता. मुलीनं रजा काढली. सकाळीच मला म्हणाली, "आई, तू सैपाकघरात बस. झालं की मी हाक मारते." मी बरं म्हणाले आणि कामाला लागले. तिच्या मागच्या भिंतीवर नवी चादर लावली. तिचा ड्रेस इस्त्री केला. केसांना तेल लाव म्हणाले, तर ती चिडली. माझी थोरली जाऊही येऊन बसली. जर्मनीची बाई कशी दिसते ते तिला बघायचं होतं.

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा प्रश्न मुलीला विचारतात आणि उत्तर आई देते. सैपाक येतो का? येतो की, सगळा येतो. शिवणकाम? ते तर घरचंच. मुलीनं खाली बघायचं असतं. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं माझं नावसुद्धा मला सांगू दिलं नव्हतं. माझ्या हातून जे घडलं त्याला हे कारण देऊन मी सुटणार नाही. पण त्या दुपारी सगळी तयारी मी तशीच केली होती, आणि कॉल लागल्यावर माझे पाय सैपाकघरात थांबले नाहीत. कपाटाच्या आडोशाला, फोनमध्ये दिसणार नाही अशा बेतानं, मी स्टूल टाकून बसले. मुलीनं डोळ्यांनी मला जा म्हटलं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

बाई साठीकडे झुकलेली, पांढऱ्या केसांची, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेली. शांत होती. नाव, शिक्षण, दवाखान्यातलं काम, मुलगी सगळं नीट सांगत होती. मग बाईनं विचारलं, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, ताट ढकलून देतात, रागावतात. तुम्ही काय कराल?

मुलगी थांबली. ती विचार करत होती. दोन वर्षं तिनं असल्या म्हाताऱ्यांना हातानं भरवलं होतं, काय करायचं ते तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त शब्द जुळवायला तिला थोडा वेळ हवा होता. हे आज कळतं. तेव्हा मला ती शांतता सहन झाली नाही. मी हळूच पहिलं वाक्य सांगितलं. तिनं ते घेतलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"तुमच्याबरोबर कुणी आहे का?" बाईनं विचारलं.

"माझी आई," मुलगी म्हणाली.

बाई हसली आणि म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

इथं मी हात जोडून उठायला हवं होतं. मी स्टूल ओढून फोनसमोर घेतलं आणि बोलायला लागले. त्या गृहस्थांजवळ मी कशी बसेन, त्यांना काय आवडतं ते कसं विचारेन, माझे सासरे शेवटी शेवटी असेच रागवायचे आणि मी त्यांना दुधात भाकरी कुस्करून कशी भरवायची, सगळं सांगितलं. भाकरीला शब्द नव्हता, पाव म्हटलं. माझी मुलगी फार कष्टाळू आहे, म्हणाले. तिला सगळं येतं, म्हणाले. सैपाकसुद्धा येतो, म्हणाले! बाई खळखळून हसली आणि तिनं विचारलं, तुम्ही जर्मन कुठं शिकलात? मग काय विचारता. मशीन, इअरफोन, मापाच्या चिठ्ठ्या, मी काहीच शिल्लक ठेवलं नाही. पंचवीस वर्षांत मला कुणी तू काय शिकलीस म्हणून विचारलं नव्हतं. सुरुवातीला मुलीचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. ती जराजरा करून सरकत गेली. शेवटी फोनच्या कोपऱ्यात तिचा एक कान आणि वेणी तेवढी दिसत होती.

"तुमच्या आईचं जर्मन फार छान आहे," बाई मुलीला म्हणाली आणि कळवतो म्हणून तिनं फोन ठेवला.

जाऊ दारातून टाळी वाजवत आली. "आगं बया! पोरीपरास आयच फाडफाड बोलती की!"

मी हसले. त्या हसण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मुलीनं भिंतीवरची चादर काढली आणि घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं मला येत हुतं, आई."

आठवड्यानं उत्तर आलं. मुलगी अंघोळीला गेली होती आणि फोन कॉटवर पडला होता. मी वाचलं. अनुभव चांगला आहे, पण उमेदवारानं स्वतः आत्मविश्वासानं बोलायला हवं, काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. एकही शब्द अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं. ती बाहेर आली तेव्हा मी मशीनवर बसून रिकामीच सुई चालवत होते.

माफी मागायला माझी जीभ उचलली नाही. ती घरी कधी भांडली नाही. फक्त तिची पुस्तकं साताऱ्याला गेली आणि ती एसटीत, दवाखान्यात, कुठंही अभ्यास करायला लागली. घरी एक शब्द काढायची नाही. रविवारी नवऱ्यानं मला विचारलं, "पोरगी गप का असती गं?" मी म्हणाले, दमते. आणि इतकं सगळं होऊनही, ती सकाळच्या गाडीला गेली की मी कानात इअरफोन घालत होते.

चार महिन्यांनी एका सकाळी ती म्हणाली, "आई, मावशीकडं जाऊन ये. लय दिवस झालं बोलावती." माझी बहीण कवठे महांकाळला असते, विट्याला गाडी बदलून जावं लागतं. मी म्हणाले, लग्नाचे चार ब्लाउज द्यायचेत. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "आजच जा." दारामागे तिचा तोच ड्रेस इस्त्री करून टांगलेला होता. कॉटवर चादर घडी घालून ठेवली होती. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर गेले.

अडीच वाजता मी बहिणीच्या घरी जेवायला बसले होते. घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून बसले. "का गं, बरं वाटंना व्हय?" बहिणीनं विचारलं. मी म्हणाले, गाडी लागली. गाडी मला जन्मात कधी लागलेली नाही.

तिची निवड झाली, ती गेली. आता दर रविवारी दुपारी फोन करते. गेल्या महिन्यात ती आश्रमातून बोलत होती आणि चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी मागून फोनमध्ये डोकावली. गोरी, बारकी, आनंदी बाई. तिनं मला हात हलवला आणि माझ्या मुलीला विचारलं, "तुझ्या आईलासुद्धा जर्मन येतं का?"

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मला कळलंय हे तिला माहीत होतं.

"नाही," ती त्या भाषेत शांतपणे म्हणाली, "माझ्या आईला एक शब्दही येत नाही." किती सुंदर बोलली! मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, या विचारत्यात, तिकडं पाऊस झाला का?"

"सांग त्यांना," मी म्हणाले, "बरा झाला म्हणावं."