सहाव्या वर्षीची दाढ

तिचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर असेल तर असेल. मुलांच्या लेखी ती दातबाई. सरकारी दवाखान्यात ती दातांच्या डॉक्टरांची मदतनीस होती आणि दर मंगळवारी कुठल्या ना कुठल्या शाळेत जायची. खांद्याला पिशवी, पिशवीत प्लॅस्टरचा भला थोरला जबडा, हातभर लांब ब्रश, टॉर्च आणि लाल रंगाची बाटली. तो रंग दातांना लावून चूळ भरली की जिथे ब्रश पोचलेला नाही तिथे लाल डाग उरतो. आरशात आपलं राक्षसासारखं तोंड बघून पहिली-दुसरीची पोरं अशी काही चेकाळायची की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. दातबाई मात्र त्या गोंधळात खूश असायची. "हसा, हसा," म्हणायची, "हसल्याशिवाय मागच्या दाढा मला दिसणार कशा?"

बावीस वर्षांत तिने चुकाही भरपूर केल्या. सुरुवातीला कीड असलेल्या मुलाला ती लाल चिठ्ठी द्यायची, नसलेल्याला निळी. युक्ती झकास आहे असं तिचं मत होतं. मग एक दिवस शाळेच्या शिपायाने पाण्याच्या टाकीमागून लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढून तिच्या हातात ठेवला. चारचौघांत ती चिठ्ठी मिरवत घरी जाणार कोण? तिला स्वतःचाच राग आला. लहानपणी आपल्याला अशी चिठ्ठी मिळाली असती तर आपणही लपवलीच असती, हे तिला तरी सुचायला हवं होतं. त्या दिवसापासून सगळ्यांना एकसारखी पांढरी चिठ्ठी, चार घड्या घातलेली.

एक गोष्ट मात्र तिने कधी सुधारली नव्हती. मुख्याध्यापिका दर वेळी वर्गाला सांगायच्या, "बघा बाईंचे दात! रोज दोनदा घासतात, म्हणून असे आहेत." दातबाई नुसती हसायची आणि मूग गिळून गप्प बसायची. कारण तिचे वरचे सगळेच्या सगळे दात कवळीचे होते, एकोणतिसाव्या वर्षापासून. हे ठाऊक होतं फक्त तिच्या नवऱ्याला आणि कवळी बनवणाऱ्याला. दातांचं शिकवणारीच बोळकी निघाली तर लोक काय म्हणतील, या धास्तीने ती घरातसुद्धा दार लावून कवळी धुवायची.

त्या वर्षी शाळेच्या मैदानात दवाखान्याची दातांची गाडी आली. आत खुर्ची, दिवा, तरुण डॉक्टरीण, सगळं होतं. मुक्काम बुधवार-गुरुवार, दोनच दिवस. मुलाच्या चिठ्ठीवर पालकांची सही असेल तरच उपचार. दुसरीत एक मुलगी होती, तिला वर्गात चिमणी म्हणायचे, कारण ती तोंड उघडायची तेही चिमणीएवढंच. तिची खालची, सगळ्यात मागची दाढ किडायला लागली होती. डाग मोहरीएवढा होता, सिमेंट भरलं की दाढ वाचणार होती. पण बुधवारी चिठ्ठी परत आली ती बिनसहीची. खाली बापाच्या अक्षरात एवढंच: दुधाचा दात आहे, पडेल.

"सही नसेल तर मी हात लावू शकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या दुपारी आम्ही निघणार. गाडी परत येईल वर्षाने."

वर्षाने दाढेचं नुसतं खोड उरलं असतं. दवाखाना दोन बस पलीकडे, आणि दुकान बंद ठेवून बाप तिकडे जायचा नाही, हे दातबाई ओळखून होती. शाळा सुटल्यावर ती चिमणीच्या मागोमाग तिच्या बापाच्या लॉन्ड्रीत जाऊन उभी राहिली.

दुकानात वाफ कोंडली होती. काउंटरपाशी पडदे न्यायला आलेल्या एक बाई आणि शर्टासाठी ताटकळलेला एक जण. चिमणी गुपचूप आत सरकली आणि कपड्यांना नंबराच्या पट्ट्या टाचू लागली.

"बाई, तुमचा मान आहे," इस्त्री न थांबवता बाप म्हणाला, "पण तिचे अजून पुढचेच दात पडतायत. ही दाढही पडेल."

"दादा, ही दुधाची नाही. सहाव्या वर्षी मागे नवीनच उगवते. आधी तिथे दात नसतो, काही पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. ही गेली की परत नाही यायची."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! तुमचे दात बघा. मुळातच चांगले मिळालेत. आमच्यात सगळे किडकेच. आई बोळकी, बाप बोळका. हिचंही तेच होणार, त्याला काय करायचं?"

बावीस वर्षं जपलेलं ते हसूच आज दातबाईच्या आड आलं होतं. तिने पडदेवाल्या बाईंकडे पाहिलं, शर्टवाल्याकडे पाहिलं, चिमणीकडे पाहिलं. मग पाठही न फिरवता वरच्या दातांना अंगठा लावला आणि कवळी काढून रुमालावर ठेवली. तिचा वरचा ओठ आत गेला आणि चेहरा एका क्षणात वीस वर्षांनी म्हातारा झाला.

"माझी आईपण हेच म्हणाली होती," ती बोलू लागली. शब्द ओठांतून फसफसत बाहेर येत होते, पण ती थांबली नाही. "दुधाची आहे, पडेल. नवव्या वर्षी ती दाढ उपटली. मग शेजारची. मग एकेक करत वरचे सगळे. आईचं काही चुकलं नाही, दादा. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला मी सांगतेय."

इस्त्री उभी राहिली. शर्टवाला उगाच छताकडे बघू लागला. बापाने हात पँटला पुसले आणि चिमणीकडे न बघता म्हणाला, "पेन आण गं."

दुसऱ्या दिवशी अर्थातच सगळ्या वर्गाला कळलेलं होतं. चाळीस जोडी डोळे तिच्या तोंडावर खिळलेले. मुख्याध्यापिकांनी सवयीने "बघा बाईंचे..." म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच त्या खोकल्या. मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "बाई, काढून दाखवा ना!"

"दाखवीन," दातबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "माझ्यासारखं व्हायचं नसेल तर काय करायचं, ते आधी ऐका." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच वर्गात कुणी चुळबूळ केली नाही.

गाडीत चिमणी खुर्चीवर आडवी पडली होती, तोंड घट्ट मिटून. डॉक्टरीण घड्याळ बघत होती. दिव्याचा उजेड मागच्या दाढेपर्यंत पोचत नव्हता म्हणून दातबाई टॉर्च धरून वाकली, तेव्हा चिमणीने हळूच विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत दातबाई नव्हती?"

"नव्हती गं."

चिमणीने जरा वेळ तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग आ केला, पार घसा दिसेल एवढा.

"बाई," डॉक्टरीण म्हणाली, "टॉर्च स्थिर धरा ना. उजेड हलतोय."