आलेखातला सुळका

द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर किती आवाज करेल, हे कॉम्प्युटरवर आधी काढून देणं हे कारखान्यातलं माझं काम. त्यासाठी आजूबाजूच्या सगळ्या हवेचे गणितात तुकडे पाडावे लागत नाहीत. पंख्याच्या कव्हरच्या पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडायचे, ते किती थरथरतात ते भरायचं. बाहेर आवाज कसा पसरेल ते समीकरणं सांगतात. हे सगळं मला आमच्या विभागाचे प्रमुख असलेल्या सरांनी शिकवलं होतं.

नव्या ब्लोअरच्या आलेखात पंख्याच्या एका ठरावीक वेगाला आवाजाचा उंच सुळका आला. सर म्हणाले, "कव्हर जाड करू. उद्या साच्याची ऑर्डर जाऊ दे."

मला तो सुळका खटकत होता. तिथे कव्हर फारसं हलतच नव्हतं. बंद आकाराच्या आतली हवा ज्या कंपनांना घुमू शकते, नेमकी तिथेच ही समीकरणं बाहेरच्या आवाजाबद्दल भलतं उत्तर देतात. गणित फक्त बाहेरच्या आवाजाचं, म्हणून मी आकाराच्या आत काही बिंदू घेतले, तिथे आवाज शून्य हवा अशी अट घातली. सुळका नाहीसा झाला.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. "म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत बिंदू टाकत बसायचं?"

"नाही सर. बागेत जाऊन मोजू. ऑर्डर तोवर थांबवा."

"आणि सुळका खरा निघाला तर?"

ऑर्डर मात्र त्यांनी थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीजवळच्या एका बागेत आम्ही नव्या ब्लोअरचा, कव्हर जाड न केलेला नमुना ट्रॅक्टरला जोडला. मी मायक्रोफोन लावला. सर हाताची घडी घालून बांधावर उभे राहिले. बागायतदार ट्रॅक्टरवर बसले होते. त्यांना म्हटलं, "दादा, रेस हळूहळू वाढवा."

पंख्याचा सूर चढत गेला. सुळक्याची जागा जवळ आली तशी मी लॅपटॉपकडे वाकले. पडद्यावरची रेघ वर चढू लागली. चढली, पण सावकाश, एकसारखी. ती जागा मागे पडली.

"अजून वाढवू का मॅडम? आवाज लय होतोय," ते ओरडले.

"परत एकदा, सुरुवातीपासून," सर म्हणाले.

परत तेच. सुळका नव्हता.

मला हसू फुटणार होतं, पण सरांचा चेहरा पाहून आवरलं. परतताना गाडीने गाव मागे टाकल्यावर ते म्हणाले, "मागच्या मॉडेललाही असाच सुळका आला होता. ते गणित मीच केलं होतं. कव्हर जाड केलं आपण."

तो ब्लोअर जड पडतो, ओल्या मातीत ट्रॅक्टर रुततो, अशी बागायतदारांची तक्रार आम्ही सगळेच ऐकून होतो.

"जुनी फाइल काढ," ते म्हणाले. "आतले बिंदू टाकून परत चालव. मी शेजारी बसतो."

कारखान्यात पोहोचल्यावर जेवायलाही न थांबता आम्ही फाइल उघडली.